पहिल्या क्रूझला आजी आणि नातवंडं सोबत असतील तर

तुमचा प्रश्न असा आहे: सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई, नऊ आणि चार वर्षांची मुलं आणि तुम्ही दोघं असे पाच जण मुंबईहून पहिल्यांदाच क्रूझला निघताय. लक्षद्वीप घ्यावं की गोवा, केबिन कुठली घ्यावी, आणि सासूबाई बोटीला घाबरतात त्याचं काय करावं. आम्हीही तीन पिढ्या बरोबर घेऊन गेलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत सरळ आहे. गोवा घ्या. अशी सफर निवडताना घरातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान माणसाकडे बघायचं. मधल्या वयाची माणसं कुठेही रमतात. तुमच्याकडे सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याचं वय या दोन गोष्टींवर बाकी सगळं ठरतं.

लक्षद्वीप नको म्हणते ते तिथे उतरण्याच्या पद्धतीमुळे. एरवी ते पाणी आणि तो निळा रंग आयुष्यात एकदा तरी बघावा असाच आहे. पण बेटांभोवती प्रवाळाची भिंत आणि तिच्या आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून बेटावर जातात. ती छोटी बोट जहाजाच्या कुशीला लागून सतत वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही हात धरतात, ‘आता’ म्हणतात, आणि त्या क्षणी पाय टाकायचा असतो. दुखऱ्या गुडघ्यांना हे नाही जमत. चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन तर करूच नये. शिवाय वारा वाढला तर कॅप्टन उतरणं रद्द करतो, आणि ते त्याने करायलाच हवं. पण मग ज्या बेटासाठी पैसे भरले ते लांबून बघायचं, एवढंच हातात राहतं.

सासूबाई कोकणातल्या असतील तर त्यांना हे नवीन वाटणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींनी पूर्वी अख्खी तळकोकणची चाकरमानी मंडळी गावाला जायची. कितीतरी बंदरांत बोट आत येत नसे, लांब उभी राहायची आणि माणसं सामानसुमानासकट पडावात उतरायची. त्यांना विचारा, तासभर गोष्टी सांगतील. पण तेव्हा त्या विशीत असतील.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात थेट धक्क्याला लागतं. जहाजातून धक्क्यावर उतरायला जिना किंवा उताराची फळी असते, व्हीलचेअर आधी मागून ठेवली तर मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, मुरगाव म्हणजे वास्को, दक्षिण गोवा. तुमच्या हातात दिवसाचे काही तासच असतात. एवढ्या वेळात उत्तर गोव्यातले कळंगुट-बागा किनारे गाठायच्या नादाला लागलात तर निम्मा वेळ गाडीत जाईल आणि परतीची धाकधूक वेगळी. जवळच बोगमाळोचा किनारा आहे. त्याच वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे खरीखुरी जुनी विमानं उघड्यावर मांडली आहेत, नऊ वर्षांच्या मुलाला तिथून हलवणं कठीण जाईल. सोमवारी ते बंद असतं. सासूबाईंना मंगेशीला जायचं असेल तर फक्त तेवढंच करा, दुसरं काही त्याला जोडू नका. जहाजावर परतायची जी वेळ सांगतात ती खरी असते, बोट कोणासाठी थांबत नाही. आणि न उतरणं हाही उत्तम पर्याय आहे. सगळे गोव्यात गेलेले असताना जहाज रिकामं असतं, पोहण्याचा तलाव मोकळा, लिफ्टला रांग नाही. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळ्या सफरीत तोच दिवस सर्वांत जास्त आवडला.

बुकिंग करताना जहाज नक्की कुठे थांबणार आहे ते मात्र नीट वाचा. शनिवार-रविवार धरून असलेल्या काही छोट्या सफरींत जहाज नुसतं समुद्रात जाऊन परत येतं, कुठल्याच बंदराला लागत नाही. जाहिरातीतल्या फोटोत किनारा असतो, म्हणून तो कार्यक्रमातही असेल असं धरून चालू नका.

आता भीतीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्या पिढीच्या मनात रामदास बोट आहे. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, आषाढी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गिरगाव-परळपासून अलिबाग-पेणपर्यंत कित्येक घरांत कोणी ना कोणी गेलं होतं. सासूबाई स्वतः तेव्हा नसतील किंवा तान्ह्या असतील, पण ही गोष्ट ऐकतच त्या मोठ्या झाल्या असणार. तेव्हा ‘काही होत नाही हो’ म्हणून विषय उडवून लावू नका. तो शब्दांचा दिलासा त्यांना पुरणार नाही. दाखवायला हवं.

एक तर तारीख. मुंबईच्या क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो, पावसाळ्यात या बाजूला क्रूझ जहाजं निघत नाहीत. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र सर्वांत शांत. मे अखेरीला भाडं कमी दिसेल, शाळेला सुट्टीही असेल, पण तेव्हा वारा फिरलेला असतो, समुद्र उसळायला लागतो. नाताळच्या गर्दीनंतरचा जानेवारी तुमच्यासाठी उत्तम.

दुसरं म्हणजे सुरक्षेची कवायत. जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ खडकाला घासून आडवी झाली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. लोक या वेळी फोटो काढत फिरतात, तसं करू नका. सासूबाईंना हाताला धरून घेऊन जा. तुमची जमायची जागा कुठली, लाइफजॅकेट कसं बांधायचं, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. मग डेकवर नेऊन वर टांगलेल्या लाइफबोटी दाखवा, प्रत्येकीवर किती माणसं बसतात ते लिहिलेलं असतं. धाकट्यासाठी लहान मापाचं जॅकेट केबिनमध्ये नसेल तर त्याच वेळी मागून घ्या. आमच्याकडे भीती गेली ती याच अर्ध्या तासात, त्याआधीच्या सगळ्या समजुतींनी गेली नव्हती.

केबिन. जहाज सी-सॉसारखं हलतं, मध्याला कमी आणि टोकांना जास्त, आणि जितकं वर जाल तितकं झुलणं वाढतं. म्हणून जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची आणि लिफ्टजवळची केबिन घ्या. वरच्या मजल्यावरची बाल्कनी महाग असते आणि मळमळायलाही तिथेच जास्त होतं. चार वर्षांचं मूल असताना मी बाल्कनी टाळेनच. घेतलीत तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा आणि दाराची वरची कडी कायम लावलेली असू दे. खिडकी असलेली साधी केबिन बरी. बिनखिडकीची स्वस्त पडते, पण तिच्यात सकाळ-रात्र कळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला पहाटे जाग आली की जीव घुसमटतो.

पाच जण म्हणजे दोन केबिन आल्या. केबिनचा क्रमांक नंतर देऊ, असं म्हणून जी स्वस्त तिकिटं विकतात ती घेऊ नका, दोन केबिन दोन टोकांना येऊ शकतात. शेजारशेजारच्या घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. मोठ्या मुलाला आजीबरोबर झोपवा. तिसरा-चौथा पलंग बहुतेक वेळा भिंतीतून उघडणारा, वरचा असतो आणि मुलांना तो फार आवडतो.

न्हाणीघराबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. ते अगदी लहान असतं आणि दाराशी चांगला उंच उंबरठा असतो. रात्री झोपेत त्याला पाय अडकतो. एक छोटा रात्रीचा दिवा घेऊन जा, किंवा आतला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा. बादली-तांब्या नसतो, फक्त शॉवर, त्यामुळे एक प्लास्टिकचा मग सामानात टाका. फ्लशचा आवाज विमानातल्यासारखा जोरात येतो, धाकट्याला आधी दाखवा, नाहीतर तो आत जायचंच नाव घेणार नाही.

बोट लागण्यावर, म्हणजे जहाजाच्या हलण्याने होणाऱ्या मळमळीवर, डॉक्टरांशी निघायच्या आधी बोला. अॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, जहाज सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्या वयस्कर माणसांना ती चालेलच असं नाही. म्हणून सासूबाईंसाठी स्वतःच्या मनाने देऊ नका. धाकट्याचाही डोस डॉक्टरांनाच विचारा. बाकी आलेपाक जवळ ठेवा, रिकाम्या पोटी राहू नका, आणि कसंतरी होऊ लागलं तर केबिनमध्ये पडून मोबाइल बघण्यापेक्षा डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघत बसा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे वेगळे आणि चांगलेच पडतात.

बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईत जिथे जहाजावर चढायचं तिथे, मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनशी पोचायला काही तास जातात. रोजची औषधं, चष्मा, मुलांचे पोहण्याचे कपडे, धाकट्याचे जास्तीचे कपडे, चार्जर आणि सगळ्यांची ओळखपत्रं, मुलांचीसुद्धा, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. घरचे लाडू-चिवडा नेता येईल का ते आधी विचारा. घरगुती पदार्थ बहुधा अडवतात, सीलबंद पाकीट कधी चालतं. पुण्या-नाशिकहून येणार असाल तर आदल्या दिवशी मुंबईत या. चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं आणि घाटातल्या कोंडीशी त्यांना काही देणं-घेणं नसतं.

पैशांचं म्हणाल तर तिकिटाचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. बंदराचे कर, जीएसटी, सेवाशुल्क, शीतपेयं, वाय-फाय, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरची सहल, यातलं काय धरलंय आणि काय नाही ते एजंटकडून लेखी घ्या. जहाजावर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावरच सगळं लिहिलं जातं. मोठ्या मुलाच्या कार्डावर खर्च बंद करायला पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगा, गेमच्या दालनात ते कार्ड भराभर चालतं. किनारा लांब गेला की मोबाइलची रेंज जाते. त्यानंतर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला गेला तर त्याचं बिल भयंकर येतं, तेव्हा निघतानाच फ्लाइट मोड लावा. गावाकडच्या नातेवाइकांनाही सांगून ठेवा, नाहीतर फोन लागत नाही म्हणून तिकडे काळजी.

फोन नसल्यामुळे जहाजावर एकमेकांना शोधण्यात फार वेळ जातो. यावर आमचा उपाय असा होता, आणि तुम्हीही करून बघा: दिवसातून फक्त दोन ठिकाणी सगळ्यांनी एकत्र यायचं, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण, वेळ आणि टेबलाची बाजू ठरलेली. मधल्या वेळात ज्याला जे हवं ते. सासूबाईंना सावलीतली खुर्ची आणि समुद्र पुरेसा असेल तर त्यांना कार्यक्रमांना ओढू नका. मोठ्याला मुलांच्या क्लबमध्ये सोडता येतं. धाकट्याला घेतील का, ते वयाच्या अटीवर ठरतं, आधी विचारा. तलावावर जीवरक्षक असेलच असं समजू नका, तिथे तुमच्यापैकी एकाने कायम पाण्याशी राहायचं आणि दुसऱ्याने तेवढा वेळ स्वतःसाठी घ्यायचा. ‘फॅमिली ट्रिप आहे, सगळे सगळीकडे बरोबर’ हा हट्ट धरला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात अबोला सुरू होतो, हे मी बऱ्याच कुटुंबांत बघितलंय. जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी आणि जैन मिळतं. मात्र सासूबाईंना साधा वरण-भात लागत असेल तर पहिल्याच रात्री वाढणाऱ्याला सांगा, ते मनापासून करतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि औषधं त्यात जाऊ देऊ नका. बिलही त्याच रात्री तपासा, सकाळी काउंटरवर मोठी रांग असते. उतरल्यावर एखादा दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल बीपी वाढलं. त्या दिवशी त्यांना एकटीने जिना उतरू देऊ नका, आणि दोन-तीन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. तारीख ठरली की जहाजाचा नकाशा आणि मिळत असलेल्या केबिनचे क्रमांक इथे लिहा, कुठली घ्यावी ते सांगते.