रिकम्बंट ट्राइकवरचा पहिला मुक्काम

रिकम्बंट ट्राइकवर, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायच्या तीनचाकी सायकलवर, तंबू लादून पहिल्या मुक्कामाला निघताय, हे तुम्ही लिहिलेलं वाचून फार आनंद झाला! सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात आधी पाय. पेडलवरून पाऊल निसटून जमिनीला टेकलं, तर ट्राइक पुढे जातच राहते आणि पाय फ्रेमखाली ओढला जातो. घोटा मोडू शकतो. पेडलला अडकणारे क्लिपचे बूट किंवा टाच धरणारे पट्टे लागतातच. त्यांच्याशिवाय घराजवळही फिरू नका.

मग बूमची, म्हणजे पेडल ज्यावर बसवलेले असतात त्या पुढच्या नळीची, लांबी. पेडल सर्वांत लांब गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. नवखे इथे चुकतात, वर जड गिअर रेटतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतात. हलका गिअर ठेवा, पाय भरभर फिरवा. चढावर अगदी रांगत गेलात तरी तोल जायची भीती नाही, हे या गाडीचं मोठं सुख.

- जड सामान मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, तळाशी.
- उंच झेंडा आणि आरसा लावाच.
- वळणाआधीच वेग कमी करा, नाहीतर आतलं चाक उचलतं.

पहिल्या दिवशी तीसेक किलोमीटर पुरे. तंबू उजेडातच लावा. निघण्याआधी पूर्ण सामानानिशी एक फेरी मारून बघा आणि ब्रेक कसे लागतात ते कळवा.