भाकरी थापली तरी पावलं वाढतात!

प्रश्न : मुलाने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलंय. माझं वय ६३, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी भाकऱ्या थापल्या की घड्याळात तीन-चारशे पावलं वाढलेली असतात आणि नातीची बाबागाडी ढकलत अर्धा तास बागेत फिरले तर शंभर पण होत नाहीत. ठोके कधी ७२, कधी एकदम १३०. मुलगा म्हणतो रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. आता शेजारीण सांगतेय, सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ ऑनलाइन दोन हजारात मिळतंय. घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : काकू, आधी शेवटचं सांगतो, ते घड्याळ अजिबात घेऊ नका. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था आहे, एफडीए; तिने फेब्रुवारी २०२४ मधे स्पष्ट सांगितलं की त्वचेला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तिने मान्यता दिलेली नाही. दंडावर लावायचा पॅच असतो तो वेगळा, त्याची बारीक तार त्वचेखाली जाते आणि पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यातली शुगर मोजते, म्हणून तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, आणि घड्याळ फार तर त्या पॅचचा आकडा दाखवतं. खोटा आकडा बघून कोणी इन्सुलिन जास्त घेतलं तर शुगर इतकी खाली जाईल की थेट दवाखाना.

पावलांचं म्हणाल तर घड्याळाला पाय कुठे दिसतात! आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो मनगटाचे हेलकावे मोजतो. भाकरी थापताना हात तालात हलतो म्हणजे बाई चालतेय असं त्याला वाटतं, आणि बाबागाडीच्या दांड्यावर हात स्थिर म्हणजे बाई बसलीय. बागेत जाताना फोन कमरेच्या पाऊचमधे ठेवा, त्यातली मोजणी जास्त बरोबर येईल (साडीला खिसा का नसतो हा वेगळाच विषय).

दहा हजारचं टेन्शन तर सोडाच. १९६५ मधे जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं, तिथून हा आकडा पसरला. २०१९ मधे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमधेही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडला नाही. मुलाला हे वाचायला द्या.

आता ठोके. घड्याळाच्या मागे हिरवा लाइट लुकलुकतो ना, तो प्रकाश रक्त शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून मोजणी होते. पट्टा सैल असेल किंवा बांगड्या घड्याळाला ढकलत असतील तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि १३० सारखे आकडे येऊ शकतात. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्टसर बांधा, बांगड्या दुसऱ्या हातात. तरी १३० दिसलं तर खाली बसून नाडीवर दोन बोटं ठेवा, तीस सेकंद मोजून दुप्पट करा. बसून असतानाही खरंच तेवढे निघाले किंवा ठोके वेडेवाकडे लागले तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखत असेल तर घड्याळ बघतच बसू नका, ईसीजीवाल्या महागड्या घड्याळालाही हार्ट अटॅक ओळखता येत नाही.

आणि हो, भाकऱ्या करताना ते काढून फ्रीजवर ठेवा, मागच्या काचेवर पीठ बसलं की ठोके नीट मोजले जात नाहीत.