कोॲग्लुटिनेशनला मराठीत काय म्हणावं?

ठाण्याच्या एका डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविका) विद्यार्थिनीने विचारलं आहे: कॉलेजमधल्या मराठी तक्त्यावर 'कोॲग्लुटिनेशन'साठी, म्हणजे प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) मदतीने जीवाणू ओळखण्याच्या चाचणीसाठी, कोणता शब्द लिहावा? मैत्रिणी 'गुठळी चाचणी' सुचवतात, पण तिला तो शब्द खटकतो. 'प्रतिपिंडांचा लेप दिलेले जीवाणू' हे वर्णन चालेल का, असाही तिचा प्रश्न आहे.

खटकतं ते योग्यच आहे. वैद्यकात गुठळी म्हटलं की रक्त गोठणं डोळ्यांपुढे येतं. त्यात या चाचणीत वापरतात तो स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू कोॲग्युलेज चाचणीसाठीही प्रसिद्ध आहे. तिथे तो प्लाझ्मा गोठवतो, म्हणजे खरोखरच गुठळी करतो. एकाच जीवाणूच्या दोन चाचण्या, नावंही सारखी वाटणारी. दोन्हींना गुठळी म्हटलं तर परीक्षेत घोटाळा ठरलेला. कोॲग्लुटिनेशनमध्ये काहीच गोठत नाही, सुटे कण एकमेकांना धरून पुंजके होतात. म्हणून प्रक्रियेला 'सहसमूहन' म्हणावं आणि काचेवर दिसतं त्याला 'पुंजके'. लॅबमधलं 'क्लंप आले' हे बोलताना ठीकच आहे.

यातला 'सह' गाळू नका, सगळी युक्ती त्यातच आहे. स्टॅफिलोकोकसच्या कोवान १ या वाणाच्या भिंतीवर प्रोटीन ए भरपूर असतं. ते आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडाला एफसी या शेपटाकडून पकडतं, त्यामुळे प्रतिजन (अँटिजन, म्हणजे ओळखायच्या जीवाणूवरची खूण) धरणारे दोन्ही हात बाहेर मोकळे राहतात. ओळखायचा जीवाणू त्या हातांत सापडला की त्याच्याबरोबर वाहक स्टॅफिलोकोकसही पुंजक्यात ओढले जातात. नुसत्या प्रतिपिंडांनी झालेले बारीक पुंजके डोळ्यांना दिसतीलच असं नाही; वाहकांमुळे ते ठळक होतात. स्वीडनच्या योरान क्रोनवाल यांनी 1973 मध्ये न्यूमोकोकस या जीवाणूचे प्रकार ओळखायला ही पद्धत मांडली. पुढे स्ट्रेप्टोकोकसचे गट, गोनोकोकस यांसाठीही ती वापरात आली.

म्हणूनच 'लेप' मला पटत नाही. लेप कसाही, कुठल्याही बाजूने बसतो. इथे प्रतिपिंड ठरावीक टोकाने धरलेले असतात. 'प्रतिपिंडधारी जीवाणू' लिहा.

तक्त्यावर कृतीही द्यायची असेल तर प्रचलित कृती अशी: वाढवलेले कोवान १ जीवाणू फॉस्फेट बफरने धुऊन 0.5 टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये 3 तास ठेवतात, पुन्हा धुऊन 80 अंशांवर तासभर तापवतात. जीवाणू मरतात, प्रोटीन ए टिकतं. मग त्यांच्या 10 टक्के निलंबनाच्या (द्रवात तरंगत्या जीवाणूंच्या मिश्रणाच्या) 1 मिलीमध्ये सशाचं 0.1 मिली प्रतिसीरम (ओळखायच्या जीवाणूविरुद्धचे प्रतिपिंड असलेलं सीरम) मिसळून अर्धा तास ठेवतात, दोनदा धुतात आणि 1 टक्का निलंबन करतात. हे धुणं टाळलं तर मोकळे प्रतिपिंड प्रतिजनाला आधी अडवतात आणि पुंजके नीट येत नाहीत. टिकण्यासाठी 0.1 टक्के सोडियम अझाइड घालून फ्रिजमध्ये ठेवतात, गोठवत नाहीत. (अझाइड बेसिनमध्ये टाकलंच तर भरपूर पाणी सोडावं, तांब्या-शिशाच्या नळांत त्याची स्फोटक संयुगं साठतात.)

काचेवर या अभिकर्मकाचा (वर तयार केलेल्या 1 टक्का निलंबनाचा) एक थेंब आणि शुद्ध वाढीच्या निलंबनाचा एक थेंब मिसळून काच हलवत राहायची. निकाल एक-दोन मिनिटांत. शेजारी सामान्य सशाच्या सीरमचे प्रतिपिंड धरलेल्या स्टॅफिलोकोकसचा नियंत्रण थेंब हवाच. दोन्हीकडे पुंजके आले तर निकाल देता येत नाही. सी आणि जी गटांचे अनेक स्ट्रेप्टोकोकस स्वतःच कुठल्याही आयजीजीला एफसीकडून धरतात, तिथे हे हमखास घडतं. प्रतिसीरममध्ये मुख्यतः आयजीएम हा दुसरा प्रतिपिंड प्रकार असेल तर उलट गडबड होते: प्रोटीन ए ते नीट धरत नाही आणि अभिकर्मक दुबळा निघतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चालू पंख्याखाली थेंबाची कड सुकते आणि तिथे जमलेले कण पुंजक्यांसारखे भासतात. पंखा बंद करा, मिनिटं मोजा.

तक्त्यावर ही ओळ पुरेशी आहे: 'सहसमूहन (कोॲग्लुटिनेशन): प्रतिपिंडधारी स्टॅफिलोकोकस आणि ओळखायचा जीवाणू यांचे एकत्र पुंजके होणे.'