पायाला नाक नसतं

प्रश्न असा आला आहे: झुलू भाषेतल्या 'उन्यावो अलुनाम्पुमुलो'चा अर्थ 'पायाला नाक नसतं' असा दिलेला वाचला. याचा पाहुणचाराशी काय संबंध? आणि याला म्हण म्हणायचं की वाक्प्रचार?

आधी शब्द उकलू. 'उन्यावो' म्हणजे पाऊल. 'अलुनाम्पुमुलो' हे एका शब्दात मावलेलं वाक्यच आहे: 'अ' हा नकार, 'लु' ही पाऊल ज्या नामगटात मोडतं त्याची खूण, 'ना' म्हणजे जवळ असणं आणि 'इम्पुमुलो' म्हणजे नाक. खोसा या झुलूच्या भगिनीभाषेतही हीच म्हण आहे, तिथे नाकाला 'इम्पुम्लो' म्हणतात इतकंच.

पावलाला पुढचं हुंगता येत नाही. आज तुमच्या उंबऱ्याशी आलेल्या वाटसरूच्याच दारात उद्या तुम्हाला उभं राहावं लागेल का, हे तुमच्या पायाला आज कळायचं नाही. म्हणून त्याला उपाशी पाठवू नका. मला फार आवडतं ते हे, की 'पाहुण्याला मान द्या' असं यात कुठेच म्हटलेलं नाही. पायाबद्दलची एक साधी गोष्ट सांगितली आहे, बाकीचं ऐकणाऱ्याने जोडायचं. तिच्या जोडीला झुलूत आणखी एक म्हण आहे: प्रवाशाचं पोट ते केवढं, पाखराच्या गुर्द्याएवढं! घरात पुरेसं नाही ही सबबच संपली.

पूर्ण विधान असल्यामुळे ही म्हणच. झुलूत म्हणीला 'इसागा' आणि वाक्प्रचाराला 'इसीशो' म्हणतात. खोसातही दोन वेगळे शब्द आहेत, पण दोन्हींत चटकारी ध्वनी असल्याने देवनागरीत ते नीट उतरत नाहीत. त्यातला एक ध्वनी आपण हळहळताना 'च्च' करतो त्याच्या अगदी जवळचा आहे; आपल्याकडे त्याला अक्षर नाही.

या दोन भगिनीभाषांमधली आणखी एक म्हण शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. सांगितलेलं न ऐकणारा झुलूत रक्त वाहिल्यावर शहाणा होतो, खोसात वाफेने पोळल्यावर. आपल्या 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'मध्ये ठेच एकाला लागते आणि शहाणपण दुसऱ्याला येतं. इथे दोन्ही त्याच्याच वाट्याला.

'उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू', म्हणजे माणूस माणसांमुळे माणूस, ही म्हण बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. तिच्यातल्या 'उमुंटू'चा 'उमु' काढून 'उबु' लावला की 'उबुंटू' होतं. हा 'उबु' म्हणजे सरळ आपला 'पण' प्रत्यय: माणूसपण. दक्षिण आफ्रिकेच्या 1993 च्या अंतरिम संविधानात हा शब्द आला आणि 1995 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करताना त्याचाही आधार घेतला.

भाषांतरात 'पायाला नाक नसतं' हेच ठेवा. 'अतिथी देवो भव' घातलंत तर पाहुणा देव होईल. मूळ म्हणीत तो तुमच्यासारखाच पायी चालणारा माणूस आहे.