‘अपस्टेअर्स डाउनस्टेअर्स’ या, लंडनमधल्या एका घरातले मालक आणि नोकर यांच्यावरच्या ब्रिटिश टीव्ही मालिकेचा 2010 मधला पुढचा अवतार पाहावा का? जुन्या प्रेक्षकांना तो का रुचला नाही?

त्याचे पहिले तीन भाग, म्हणजे पहिलं सत्र, जरूर पाहा. 1971 ते 75 ची मूळ मालिका मनात घर करून बसलेल्यांना नवं कुटुंब परकं वाटलं, ते स्वाभाविकच. त्यात दोन-तीन महिने आधी तशीच मालक-नोकरांची मालिका ‘डाउनटन अ‍ॅबी’ येऊन गाजली होती, त्यामुळे तुलना टळली नाही. पण धूळ साचलेल्या त्या रिकाम्या घरात मूळ मालिकेतली मोलकरीण रोझ पुन्हा पाऊल टाकते, तेव्हा तिची भूमिका करणाऱ्या जीन मार्शचा चेहरा बघाच! भारतातून माकड घेऊन परतलेली, नव्या घरमालकाची आई असलेली आयलीन अ‍ॅटकिन्सची मॉड तर मला फारच आवडली. दुसऱ्या सत्रात ती नाही, रोझही जेमतेम दिसते. तिथे घराचा जीवच गेला. खालच्या मजल्यावरची नोकर माणसं मागे पडली आणि राजकारण वरचढ झालं. 2012 मध्ये मालिका बंद झाली.