फोटोशॉप: एका लेयरची सावली बदलली की सगळ्यांची बदलते, आणि ती काळीकुट्टही दिसते. काय करावं?

सगळ्यांची बदलते कारण ‘यूज ग्लोबल लाइट’वर, म्हणजे सगळ्या लेयर्सना एकाच दिशेचा प्रकाश देण्यावर, टिक आहे. लेयर्सच्या यादीत त्या लेयरखाली दिसणाऱ्या ‘ड्रॉप शॅडो’वर डबल-क्लिक करा, उघडलेल्या खिडकीतली ती टिक काढा आणि मग अँगल बदला. पण खरं सांगू? बहुतेक वेळा ती टिक असलेलीच बरी. एकाच बॅनरवर नावाची सावली उजवीकडे आणि फोटोची डावीकडे पडली, तर दोन सूर्य उगवल्यासारखं वाटतं.

आता काळेपणा. आधी ओपॅसिटी, म्हणजे सावलीचा गडदपणा, २५ ते ३५ टक्क्यांवर आणा. ब्लेंड मोड (सावली खालच्या रंगात कशी मिसळते ते) ‘मल्टिप्लाय’च ठेवा, पण शेजारच्या चौकोनावर क्लिक करून काळ्याऐवजी पार्श्वभूमीचाच गडद रंग घ्या: पिवळ्यावर तपकिरी, आकाशीवर गडद निळा. फरक लगेच दिसेल. ‘साइज’ म्हणजे कडा किती विरघळणार, ‘डिस्टन्स’ म्हणजे सावली किती लांब सरकणार. ‘स्प्रेड’ मी शून्यावरच ठेवतो. तो वाढवला की कडा पुन्हा कडक होते. वस्तू जितकी उचललेली दाखवायची, तितके डिस्टन्स आणि साइज दोन्ही वाढवायचे आणि ओपॅसिटी कमी करायची. नुसतं डिस्टन्स वाढवलं तर अक्षरं दोनदा छापल्यासारखी दिसतात.

आकडे टाकायचा कंटाळा असेल तर ती ‘ड्रॉप शॅडो’ची खिडकी उघडी असताना थेट चित्रावर माउस ओढा, सावली सोबत सरकते. हे मलाही फार उशिरा कळलं.