रनिंग-कॉन्फिग स्टार्टअपला कॉपी केलं की राऊटरचा बॅकअप झाला का?

नाही झाला. तुम्ही लिहिलंय, राइट मेमरी रोज मारतो, मग वेगळा बॅकअप कशाला आणि किती दिवसांनी. राइट मेमरी म्हणजे तेच: चालू सेटिंग (रनिंग-कॉन्फिग) सुरू होताना वाचायच्या सेटिंगवर (स्टार्टअप) उतरवायची कमांड. तिनं कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, बसतं, लाईट जाऊन आली तरी राऊटर शहाण्यासारखा उठतो. पण एनव्हीरॅम त्याच डब्यात आहे की. डबाच गेला तर?

आमचा गेला. कोल्हापूरचा पूर, ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. राऊटरचा रॅक भिंतीवर पाच फुटांवर, म्हणून सगळे निवांत. तोही बुडाला. बॅकअप होता, बरं का! आमच्या सीनियरनी टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरनं आलेल्या फाइली ठेवणारा) लावला होता: एक जुना पीसी, त्याच रॅकखाली, स्टुलावर. राऊटरच्या आधी तो बुडाला.

मी मार्चमध्ये शो रनचा (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) सगळा मजकूर उचलून स्वतःला मेल केला होता. तेव्हा सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता राऊटर पोस्टानं पाठवतोस व्हय रं?" चहावाला पोरगासुद्धा हसला होता. पाणी ओसरल्यावर गोकुळ शिरगावच्या गोदामातला पडीक राऊटर आणला आणि त्याच मेलवरनं उभा केला.

सरळ उभा राहिला नाही. पेस्ट केलं तर एकही इंटरफेस (केबल लागते तो पोर्ट) वर येईना. तासभर केबली बदलत बसलो. गोम अशी की शो रनमध्ये नो शटडाउन (इंटरफेस चालू करायची ओळ) दिसतच नाही आणि कोऱ्या राऊटरवर इंटरफेस मुळात बंद असतात. मॉडेल वेगळं, त्यामुळं इंटरफेसचं नाव गिगाबिट ०/० चं ०/०/० करावं लागलं. एसएसएचची (लांबून सुरक्षित लॉगिन करायची सोय) की कॉन्फिगमध्ये येत नाही, ती नव्यानं काढली. मार्चनंतर टाकलेले गडहिंग्लज शाखेचे दोन रूट (तिकडं जायचे नेटवर्कचे रस्ते) कुणालाच आठवेनात, ते तिकडच्या राऊटरवरनं उलटे हुडकले.

मीटिंगमध्ये सीनियर म्हणाले, "बॅकअप होता माझ्याकडं, पुरानं नेला." मालकांनी मान डोलावली. मेलचं नाव कुणी काढलं नाही.

आता तुमचं 'किती दिवसांनी'. दिवस मोजूच नका, बदल केला की प्रत काढा. सिस्कोच्या राऊटरवर आर्काइव्ह कमांडखाली पाथ (प्रत कुठं ठेवायची तो पत्ता) द्या आणि तिथंच राइट-मेमरी लिहा, मग प्रत्येक सेव्हबरोबर प्रत आपोआप बाहेर जाते. डबे जास्त असतील तर ऑक्सिडाइज्ड (सगळ्यांच्या कॉन्फिगच्या प्रती आपोआप गोळा करणारं सॉफ्टवेअर) लावा, गिटमध्ये (प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) कालचा-आजचा फरकही दिसतो. मायक्रोटिक कंपनीचा राऊटर असेल तर नुसत्या बॅकअप फाइलवर राहू नका, ती त्याच डब्यासाठी असते. एक्सपोर्ट कमांडनं निघणारा कॉन्फिगचा मजकूरही ठेवा. आणि प्रत दुसऱ्या इमारतीत. त्याच खोलीतल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही, म्हणणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही.

हां, साधा मेल करणंही चूकच होतं. कॉन्फिगमधला टाइप ७ चा (सिस्कोचा कच्चा झाकलेला) पासवर्ड कुणीही उलगडतो, व्हीपीएनची की तर बऱ्याचदा उघडीच असते. फाइल एन्क्रिप्ट करून ठेवा, आणि टीएफटीपीही सगळं उघडं पाठवतो, त्याऐवजी फाइल झाकून पाठवणारं एससीपी वापरा. सीनियरनी तेव्हा हे सुनावलं असतं तर मी निमूट ऐकलं असतं.

जुलै २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हा त्यांचा नवा टीएफटीपीचा पीसी तिथंच होता. स्टुलाच्या जागी टेबल आलं होतं.